न घेतलेलं नाव

१

दुपारचं जेवण उरकलं, भांडी पालथी पडली, की मुरुमच्या कल्याणप्पा बिराजदारला भिंतीकडं तोंड करून बसावं लागायचं. शिक्षा नव्हती ही. घरात तशी रीतच पडून गेली होती. त्याची बायको महादेवी मधल्या खोलीत कॉम्प्युटरपुढं खुर्ची ओढायची, चष्मा नाकावर चढवायची आणि मागं न बघताच म्हणायची, "वळा तिकडं."

कल्याणप्पा वळायचा. समोर चुन्याची भिंत. तिचे पोपडे आता त्याच्या चांगले ओळखीचे झाले होते. एक तर अगदी बसलेल्या म्हशीसारखा होता, रवंथ करत असल्यागत. पाठीमागं बटणांची टकटक चालायची. महादेवीची बोटं चुलीपुढं चपळ, पण तिथं आली की एकेक बटण हुडकून दाबायची, ज्वारीतला खडा वेचावा तशी. मग बारीक टिंग असा आवाज यायचा.

"हं, वळा आता."

"म्या बघितलं तरी मला काय कळणार हाय गं? एक तरी अक्षर येतंय का मला?"

"येत न्हाय म्हणूनच भ्या वाटतंय. तुमी चित्रावानी ध्यानात ठेवताल."

आणि दोघंही हसायची.

कॉम्प्युटर लेकीचा. शिवप्रिया पुण्यात नोकरीला होती, तिनं नवा घेतला तेव्हा जुना इथं आणून मांडला. आईला तिनंच तो चालवायला शिकवलं. महादेवी सातवी शिकलेली, त्यामुळं तिला ते जमलंही. घरचं सगळं त्या डब्यात होतं. शेताचे उतारे, शिवप्रियाची सर्टिफिकेटं, लग्नाचे फोटो. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत शिवप्रिया स्वतः त्यात दिसायची, ते तर सगळ्यात मोठं.

आधी भिंत नव्हती. आधी पासवर्ड होता तो 'ओम नमः शिवाय'. मग गल्लीतल्या एका मास्तरांना कुणीतरी फोनवर गोडगोड बोलून त्यांच्या कॉम्प्युटरची किल्लीच काढून घेतली. त्यांच्या घरातले सगळे फोटो कुलूपबंद होऊन बसले. ही गोष्ट शिवप्रियाच्या कानावर गेली, तशी तिनं आईला फैलावर घेतलं.

"अव्वा, अगं निम्म्या मुरुमचा पासवर्ड तोच असेल. कुणीही सांगेल."

"मग काय ठेवू? देवाचं ठेवायचं न्हाय म्हणतीस, तुझं ठेवायचं न्हाय, गावाचं न्हाय. मग ऱ्हायलं काय?"

"तुझ्या तोंडात कधीच येत नाही असं काहीतरी ठेव. उभ्या जन्मात तू कुणापुढं बोलली नाहीस असं. लिहून ठेवू नकोस, आणि आप्पांनासुद्धा सांगू नकोस. एकदा आत गेलं, की मग ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही."

महादेवी बराच वेळ पडद्याकडं बघत बसली होती. मग एकदम काहीतरी सुचल्यागत तिचा चेहरा उजळला, तिनं पदर ओठांशी धरला आणि नवऱ्याला पहिल्यांदा म्हणाली, "वळा तिकडं."

"एवढं काय हसायलीस?"

"काय न्हाय. वळा म्हणलं ना."

२

पलीकडच्या गल्लीतला मल्लिनाथ हा कल्याणप्पाचा लहानपणापासूनचा सोबती. सकाळी हॉटेलात चहाला जाताना तो कोपऱ्यावर उभा राहायचा, छाती भरून घ्यायचा आणि हाक द्यायचा, "कल्याणप्पाऽऽ! हायस का गेलास?" त्या हाकेनं गल्लीतली कुत्री उठायची, पाळण्यातली पोरं उठायची. बायका मल्लिनाथच्या नावानं बोटं मोडायच्या. पण एखाद्या दिवशी हाक आली नाही तर त्याच बायका दारात येऊन बघायच्या.

एका सकाळी हाक आली नाही. कडी वाजली.

कल्याणप्पानं दार उघडलं. मल्लिनाथ उंबऱ्यापलीकडं उभा होता, तोंड जरा उघडं ठेवून.

"काय रे, आज पाव्हण्यासारखी कडी?"

"हाक मारणारच हुतो," मल्लिनाथ म्हणाला. "कोपऱ्यावर आलो, दम भरून घेतला, आन..." तो थांबला. "मग म्हणलं, कडीच वाजवावी."

"घसा बसलाय का?"

"घसा कुठं बसलाय. दूधवाल्याला आत्ताच चार शिव्या घातल्या की."

दोघं चालू लागले. वाटेत मल्लिनाथ नेहमीसारखाच बोलत होता. तुरीचं बोलला, जावयाचं बोलला. "लेका" म्हणाला, "गड्या" म्हणाला, "म्हाताऱ्या, जरा पाय उचल" म्हणाला. हे तो आधीही म्हणायचाच. त्यामुळं बोट ठेवावं असं त्यात काही नव्हतं. हॉटेलात मालक रोज आत ओरडायचा, "कल्याणप्पांचा एक बिनसाखरेचा!" आज ओरडला, "ह्यांचा एक बिनसाखरेचा!"

एवढंच. कल्याणप्पानं बशीत चहा ओतला. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तसं काहीतरी त्याला झालं. मग तो मनाशीच म्हणाला, माणसं म्हातारी झाली. मल्लिनाथ म्हातारा झाला, हॉटेलवालाही झाला. त्यात काय एवढं.

दुसऱ्या दिवशीही कडीच वाजली. तिसऱ्या दिवशीही.

३

त्या आठवड्यात तो ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेला. डब्यावर निळ्या ऑइलपेंटनं नाव घातलेलं होतं. शिवप्रियाच्या लग्नात पेंटर घरी आला होता, तेव्हा त्याच्याकडून घरातल्या सगळ्या डब्यांवर घालून घेतलं होतं. कल्याणप्पाला ते वाचता येत नसे, पण आपलं नाव कुठं संपतं आणि आडनाव कुठं सुरू होतं ते त्याला ठाऊक होतं. मधोमध रंगाचा एक टवका उडालेला होता. अलीकडं तो, पलीकडं त्याचं घराणं.

गिरणीवाला दगडोबा दळण झालं की डब्यावरचं नाव वाचून हाक द्यायचा. "शरणम्मा, घ्या! पिठाळे, घ्या!" पट्ट्याचा घरघराट, हवेत पांढरी धूळ, दारात बायकांची रांग. कल्याणप्पा पोत्यावर बसून होता. त्याच्यामागून आलेल्यांची दळणं निघून गेली. शेवटी दगडोबानं एक डबा दोन्ही हातांनी वर धरला.

"हा कुणाचा?"

"माझा की."

"मग बोलायचं न्हाय व्हय आजोबा? कवाधरनं पडलाय."

"नाव हाय की त्याच्यावर."

दगडोबानं डबा फिरवला. "बिराजदार, मुरुम."

"त्याच्या आधी काय हाय?"

"आधी काय न्हाय. बिराजदार, मुरुम. एवढंच."

कल्याणप्पा उठला. त्यानं टवक्याच्या अलीकडं अंगठा टेकवला. जुना जाड रंग अंगठ्याला लागत होता. वळण, उभी रेघ, मग पुन्हा वळण. सगळं जागच्या जागी होतं.

"मग ह्ये काय हाय?"

"कुठं?"

"ह्ये. माझ्या अंगठ्याखाली."

दगडोबा चांगला पोरगा होता. थट्टा करणाऱ्यांतला नव्हता. त्यानं गिरणी बंद केली, वाकला, डोळे बारीक करून बघितलं. कल्याणप्पा त्याच्या डोळ्यांकडं बघत होता. डोळे अंगठ्यापर्यंत आले आणि तिथून आडनावाकडं सरकले, वाटेतला खड्डा टाळून बैल आपोआप कडेनं चालतो तसे. पुन्हा आले, पुन्हा सरकले.

"आजोबा," दगडोबा हळू आवाजात म्हणाला, "तिथं नुसता पत्रा हाय."

रांगेतल्या बायका हसल्या. शरणम्मा म्हणाली, "ऊन लागलंय त्यास्नी. घरी जाऊन ताक प्या म्हणावं."

कल्याणप्पानं डबा खांद्यावर घेतला. पीठ गरम होतं, मानेला ऊब लागत होती. वाटेत चिटपाखरू नव्हतं. एका बंद दुकानाच्या सावलीत तो थांबला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "कल्याणप्पा."

आलं. आलं की! त्याला हायसं वाटलं. पण पुन्हा एकदा म्हटल्यावर ते जरा हलकं वाटलं. पूर्वी शेजारी राहणारा, आता दुसऱ्या गावी गेलेला एखादा माणूस असावा, त्याचं नाव घेतल्यासारखं.

४

दुसऱ्या दुपारी भिंतीकडं तोंड करून बसल्या बसल्याच त्यानं विचारलं, "महादेवी, काय ठेवलंयस तू त्यात?"

टकटक थांबली. "सांगायचं न्हाय म्हणलीय पोरगी."

"म्या इचारतोय."

ती म्हणाली, "जे तोंडात कधी येत न्हाय, तेच ठेवलंय."

कल्याणप्पाला कळायला जरा वेळ लागला. तो सावकाश माणूस. आणि कळलं तेव्हा आधी हसूच आलं. लग्नात बायकांनी नाव घ्यायला लावलं, तेव्हा महादेवीनं ओळी अगदी खणखणीत म्हटल्या होत्या. नावापाशी आली आणि पदर तोंडात कोंबला. नणंदांनी चिमटे काढले, सासूनं डोळे वटारले, पण काही उपयोग झाला नाही. पुढं दवाखान्यात, शाळेत, रेशनच्या दुकानात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं, की ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडं बघायची. शेजारी कुणी नसलं तर तशीच परत यायची. सगळा संसार "अहो"वर झाला.

"माझं ठेवलंस?"

बांगड्या वाजल्या. ती मान हलवत असावी. "पोरगी म्हणली, उभ्या जन्मात बोलली न्हाईस असं ठेव. मला दुसरं काय हाय तसं? एकच तर हाय."

भिंतीकडं बघत कल्याणप्पाला गोड वाटलं. या वयात असं काही वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि मग अंगठ्याखालचा तो जाड रंग आठवला.

तो वळला. तिनं अडवलं नाही. त्यानं मल्लिनाथची कडी सांगितली, हॉटेल सांगितलं, गिरणी सांगितली. महादेवी हसेल, वेड्यात काढेल, अशी त्याची अपेक्षा होती. नव्हे, तिनं काढावंच असं त्याला वाटत होतं. पण तिच्या चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरत गेलं.

"म्या बी ऐकलं न्हाय बरेच दिवस," ती म्हणाली. "गल्लीतनं, रस्त्यातनं. मला वाटलं, मल्लिनाथभावजी आजारी हायेत."

"योगायोग असंल गं."

"पोरगी म्हणली हुती, एकदा आत गेलं की दुसऱ्या कुणाला कळणार न्हाय." तिनं कॉम्प्युटरच्या डब्याकडं बघितलं. "म्या नीट इचारलं न्हाय तिला. दुसऱ्या कुणाला म्हंजी कुणाला?"

५

शिवप्रिया पडद्यावर आली तेव्हा तिच्या हातात घास होता. "काय गं अव्वा, दोघंही एवढे गंभीर?"

"ते बदलायचं हाय," महादेवी म्हणाली. "आतलं."

"बदल की. पाच मिनिटांचं काम आहे. काय झालं पण?"

म्हातारा पुढं सरकला. "शिवप्रिया, माझं नाव सांग बघू."

"आप्पा!" ती हसली.

"ते तू म्हणतीस. कागदावरचं सांग. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर हुतं बघ, तुझ्या नावामागं."

"काय हे आप्पा. परीक्षा घेताय का?" तिनं घास खाली ठेवला आणि सांगायला तोंड उघडलं.

म्हाताऱ्याला वाटलं, चित्र अडकलं. अधूनमधून अडकायचं तसं. पण तिच्या पाठीमागं खिडकीचा पडदा हलत होता. कुणीतरी मागून चालत गेलं. अडकली होती ती एकटी. ओठ उघडे, डोळे कुठंतरी वर, फळीवर ठेवलेली वस्तू हाताला लागत नसावी तसे.

"थांबा हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आज फार काम आहे ना, डोकंच..." मग नुसती बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. आपले डोळे का भरलेत हे तिला कळत नव्हतं, एवढं दोघांनाही दिसत होतं. "आप्पा, तुम्ही नीट जेवताय ना?" तिनं विचारलं. "मी संध्याकाळी करते परत फोन."

ती गेली. पडदा काळा झाला. त्या काळ्यात महादेवी दिसत होती आणि तिच्या बाजूला म्हातारा. म्हाताऱ्यानं हात हलवून बघितला. पडद्यातल्यानंही हलवला. एवढं तरी ठीक होतं.

६

"आत्ताच बदलू," महादेवी म्हणाली. "बंद करते, परत चालू करते, मग बदलते. पोरीनं दाखवलंय मला."

"म्या वळू का?"

"आता कशाला वळताव?"

म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच नीट समोरून बघितलं. तिनं बंद करायचं बटण दाबलं. कॉम्प्युटर बंद झाला नाही. पडदा निळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली. महादेवी एकेक शब्दावर बोट ठेवत वाचू लागली.

"दुसरं... कुणीतरी... अजून हा कॉम्प्युटर... वापरत आहे. आत्ता बंद केला... तर त्यांचं काम... वाया जाईल." तिनं खाली बघितलं. "तरीबी बंद करायचा का म्हणतंय. व्हय, न्हाय तर न्हाय."

"कोण वापरायलंय?"

"आपण दोघंच तर हाओत."

तिनं लेकीला मोबाईल लावला. शिवप्रियाचा आवाज आता नेहमीसारखा होता, कामाच्या घाईतला. "अगं ते नेहमीचं आहे अव्वा. दुसरं एखादं खातं उघडं राहिलं असेल. हो दाबून टाक."

"दुसरं कुणाचं खातं? म्या एकटीच तर वापरते."

पलीकडून घाईघाईनं उत्तर आलं, "तू घाबरू नकोस. हो दाब नुसतं."

महादेवीनं मोबाईल मांडीवर ठेवला. बोट पुढं नेलं आणि तिथंच ठेवलं. डब्याच्या आतला पंखा घुं घुं फिरत होता. ऐन दुपारी कुणी झोपेत श्वास घ्यावा तसा संथ. डबा ऊन ऊन झाला होता.

"म्या दाबायची न्हाय," ती म्हणाली.

"का गं?"

"आतला जाईल."

"आतला कोण?"

"मला काय ठाव! पन त्याच्यापाशी तुमचं हाय." तिचा आवाज फाटला. "त्याचं काम वाया जाईल म्हणतंय. त्या कामात तुमचंच असलं तर?"

म्हाताऱ्यानं पडद्याकडं बघितलं. दोन चौकोन. एकात हो, एकात नाही. कशात काय, हे त्याला कळत नव्हतं, आणि ती सांगणार नव्हती. उभ्या आयुष्यात अक्षर न आल्याचं त्याला कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं. आज वाटलं.

भिंतीतल्या बटणाची गोष्ट निराळी होती. ते त्याला कळत होतं. त्यावर अक्षर नव्हतं, नुसता काळा खटका, दाबला की घरातलं काहीही बंद. तो उठला, टेबलामागं गेला आणि खटक्यावर बोट ठेवलं.

"थांबा हो," महादेवी म्हणाली.

तो थांबला, पण तिच्यासाठी नव्हे. बोट ठेवलं त्याच क्षणी त्याच्या मनात आलं, एकदा म्हणून बघावं, मग दाबावं. बंद दुकानाच्या सावलीत म्हटलं होतं तसं. आणि त्यानं तोंड उघडलं.

घरातून निघताना पिशवी घेतली एवढं आठवावं, आणि एसटीतून उतरल्यावर हात मोकळे असावेत. तसं झालं. तो आतल्या आत सगळीकडं चाचपत राहिला. आईची हाक आठवली, तिचा सूर आठवला, हाकेत राग किती आणि माया किती तेही आठवलं. नुसता सूर होता. त्यात शब्द नव्हता.

त्यानं खटक्यावरचं बोट काढून घेतलं.

"काय झालं?" महादेवीनं विचारलं.

"काय न्हाय. राहू दे चालू."

७

सकाळी आंघोळी झाल्यावर तो तिला म्हणाला, "आता तुझ्याचपाशी हाय ते. माझ्यापाशी बी न्हाय ऱ्हायलं."

महादेवी चुलीपुढची राख सारखी करत होती. तिला हे आधीच कळलं असावं, कारण तिनं मान वर केली नाही.

"एकदा बोल तोंडानं," म्हातारा म्हणाला. "हाक मार मला. माझ्या कानावर पडलं की येईल ते परत. ज्याचं हाय त्याला दिल्यावर कसं न्हाय येणार?"

"बोटाला येतंय मला. तोंडाला न्हाय."

"शिकव तोंडाला."

"नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, म्हणायची माझी अव्वा."

"आन न घेऊन काय झालं, ते बघायलीस की."

ती रडली. थोडंच. मग उठली, पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं, लिंगपूजा केली, कपाळाला विभूती लावली. म्हातारा बाहेर ओट्यावर जाऊन बसला. ऊन चढत होतं. रस्त्यावरून उमरग्याकडं जाणारी एसटी घरघरत गेली आणि मग सगळं निवांत झालं. महादेवी आतून येऊन दारात उभी राहिली. केस ओले, हात जोडलेले, डोळे मिटलेले. लग्नात बोहल्यावर उभी होती तेव्हा अशीच दिसत असणार. तेव्हा मधे अंतरपाट होता, त्यानं बघितलं नव्हतं.

तिचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मग जोडलेले हात सुटले आणि बोटं हवेत एकेक करून खाली जाऊ लागली, अदृश्य बटणं दाबत असल्यासारखी. एक, मग दुसरं, मग आणखी एक. बोटं पुढं आणि ओठ मागं, असं चालत ती शेवटच्या अक्षरापर्यंत आली. श्वास घेतला आणि हाक मारली.

स्वच्छ. पूर्ण. पार गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल.

म्हाताऱ्यानं ती ऐकली. चांगलं नाव होतं. जुन्या वळणाचं, शेवटी लांबत जाणारं. असं नाव ज्याचं असेल तो माणूस भला असणार, असं वाटायला लावणारं. तो कौतुकानं ऐकत राहिला आणि कोण ओ देतंय याची वाट बघू लागला. मग त्याच्या ध्यानात आलं की ओ आपण द्यायची आहे. त्यानं घाईघाईनं तोंड उघडलं.

"ओ," मधल्या खोलीतून आवाज आला.

मोठ्यानं नव्हे. साध्या, सवयीच्या आवाजात. हातातल्या कामातून मान वर न काढता माणूस देतो तसा.

महादेवीनं डोळे उघडले. म्हातारा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. पण तिनं तिकडं बघितलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण एकदम उतरला, ती लाजून हसली, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि वळून आत गेली. मधल्या दाराचा पडदा तिच्या खांद्यानं उचलला गेला आणि पुन्हा पडला. तेवढ्या वेळात म्हाताऱ्याला खुर्चीची पाठ दिसली. पाठीवर पांढरं उपरणं टाकलेलं होतं. आणि एक हात दिसला, बटणांवर भरभर चालणारा. एकही अक्षर न हुडकता.

आतून बोलण्याचे आवाज येऊ लागले. शब्द कळत नव्हते. महादेवी हसत होती. कितीतरी वर्षांत ती अशी हसली नव्हती. मधेच "अहो" ऐकू आलं.

"अगं," म्हाताऱ्यानं हाक मारली. आवाज नीट निघाला. "अगं, इकडं ये."

पडदा हलला. महादेवी बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ताटलीत गुळाचा खडा. तिनं दोन्ही त्याच्यापुढं ठेवलं, हात जोडले आणि पाव्हण्याला घालतात तसा नमस्कार घालत म्हणाली, "शरणार्थी."

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. त्यावर राग नव्हता, भीती नव्हती, ढोंगही नव्हतं. लांबून आलेल्या माणसाला बघून घरच्या बाईच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा येतो, तो होता.

"उनातनं आलाव का?" तिनं विचारलं. "कोण म्हणायचं तुमी? कुठल्या गावचं?"

त्यानं सांगायचा प्रयत्न केला. गावाचं नाव सांगता आलं असतं, पण माणूस गावापासून सुरुवात करत नाही. आधी आपलं सांगतो, मग गावाचं. ती थांबली, अगदी धीरानं थांबली. उत्तर येत नाही असं बघितल्यावर तिनं जास्त खोदून विचारलं नाही. पाव्हण्याला अवघडून टाकायची तिची सवयच नव्हती.

"असू द्या. पाणी घ्या आधी," ती म्हणाली. "हे आतच हायेत, जरा कामात हायेत. येतील आता बाहीर. तुमी बसा."

ती आत गेली.

म्हातारा जन्मभर सोशीक. कुणी बस म्हटलं की बसायचा. त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि वरून पाणी प्यायला. पाणी गार होतं. ओट्यावरची सावली हळूहळू मागं सरत होती. कुणीतरी येणाऱ्या-जाणाऱ्यानं आपल्याकडं बघावं असं त्याला वाटत होतं, पण रस्त्यात कुणी नव्हतं.

आतली टकटक थांबली. शहाबादी फरशीवर खुर्चीचे पाय मागं सरकल्याचा आवाज झाला. मग पावलं पडद्याकडं येऊ लागली. सावकाश, घरच्या माणसाची. आणि घरधनी बाहेर येत असताना पाव्हण्यानं बसून राहणं बरं दिसत नाही, म्हणून म्हातारा तांब्या खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकवत, उठून उभा राहू लागला.